जहाज बुडालं म्हणजे जिंकलो का? 1971 च्या नौदल कमांडोंबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्ट 1971 मध्ये बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या नौदल कमांडोंनी पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या बंदरांत जहाजं उडवली, पण बंदरं काही कायमची बंद पडली नाहीत आणि युद्ध तर डिसेंबरपर्यंत चाललं. मग याला विजय का म्हणायचं? आणि त्या पोरांच्या मनात विजयाची कल्पना काय होती?

मी नौदलात 24 वर्षं पाणबुड्या (डायव्हर) होतो, त्यानंतर काही वर्षं बुडालेली जहाजं वर काढायच्या, म्हणजे सॅल्व्हेजच्या कामावर. 1971 च्या मोहिमेत मी नव्हतो, माझी भरतीच नंतरची. पण ज्या कामाबद्दल तुम्ही विचारताय ते हातांनी केलेलं आहे, सरावात का होईना. म्हणून त्या बाजूने सांगतो.

जहाजं मोजून या कामाचा निकाल लागत नाही. बंदर चालतं ते भरवशावर. कप्तान परक्या देशातून महिनाभर समुद्र कापत येतो, बंदराचा वाटाड्या, म्हणजे पायलट, त्याला नदीत आत घेतो, दोर बांधले जातात आणि इतक्या दिवसांनी तो पहिल्यांदा निवांत झोपतो. धक्क्याला लागलेलं जहाज सुरक्षित, हे जगभरच्या दर्यावर्दी लोकांनी गृहीत धरलेलं असतं. कमांडो मोडतो तो हा भरवसा. पोलाद फुटतं ते त्यासाठी. त्या रात्रीनंतर पुढच्या जहाजाचा मालक विचारतो, माझं जहाज तिथे का पाठवू? विम्याचा हप्ता वाढतो, खलाशी कुरकुर करतात, कप्तान बाहेरच नांगर टाकून थांबतो. पूर्व पाकिस्तानात लष्कराचा सगळा जड माल समुद्रानेच यायचा, मधे हजाराहून जास्त किलोमीटर भारत पसरलेला. तिथे एकेका जहाजाने घेतलेला हा आढेवेढा रणगाड्यांच्या तुकडीइतका महाग पडतो.

आता मोहिमेकडे येऊ. बांगलादेशात तिला ऑपरेशन जॅकपॉट म्हणतात, आपल्या नौदलाकडे नाव होतं नेव्हल कमांडो ऑपरेशन्स एक्स. सुरुवात झाली फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात. पाकिस्तानची 'मँग्रो' ही नवी पाणबुडी तिथे होती आणि तिच्या खलाशांत 13 बंगाली होते. पाकिस्तानी लष्कराने 25 मार्चला ढाक्यात केलेल्या कत्तलीची बातमी रेडिओवर ऐकल्यावर त्यांच्यातले काही जण मार्चअखेर पाणबुडी सोडून निघाले आणि स्पेनमार्गे 8 जण भारतात पोचले. पाणबुडीवरच्या माणसाला पाण्याखालच्या कामाची जाण असते, बंदरांची माहिती असते आणि मुख्य म्हणजे भाषा त्या पोरांचीच. या 8 जणांभोवती सगळं उभं राहिलं.

शिबिर लागलं भागीरथीच्या काठी, प्लासीला. 1757 साली सिराजउद्दौला जिथे हरला तीच प्लासी. निर्वासित छावण्यांतून आणि युवा शिबिरांतून पोरं निवडली, बहुतेक कॉलेजातली किंवा शेतकऱ्यांची. अट एकच, पोहता आलं पाहिजे. भारतीय नौदलाकडे तेव्हा कमांडो दल नव्हतंच. मार्कोस या आजच्या कमांडो दलाची सुरुवात 1987 ची. शिकवायला आले ते आमच्यासारखे क्लिअरन्स डायव्हर, ज्यांचं मूळ काम सुरुंग काढायचं. काढणाऱ्यालाच लावायला शिकवावं लागलं. या सगळ्यावर नौदलाकडून नेमलेले अधिकारी होते कमांडर एम. एन. आर. सामंत. आपला मराठी माणूस, पाणबुडीवाला, 'करंज' पाणबुडीचा कप्तान राहिलेला. महाराष्ट्रात त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पोरांकडे काय होतं? पायांत फिन्स, कमरेला सुरी, अंगावर जांघिया आणि गमछ्याने पोटाशी बांधलेला सुमारे 5 किलोचा लिंपेट, म्हणजे चुंबकाने जहाजाला चिकटणारा सुरुंग. श्वसनयंत्र नाही. नाक पाण्याबाहेर ठेवून उताणं पोहायचं, जवळ गेलं की श्वास रोखून बुडी. सरावात पोटाला विटा बांधून रात्री तासन्‌तास नदीत पोहायला लावत. सुरुंगाच्या आत पाण्यात विरघळणारी एक गोळी असते, ती विरघळली की स्फोट. पण पोहतानाच पाणी शिरलं तर माणूस जहाजापर्यंत पोचायच्या आधीच संपणार. यावर उपाय म्हणून नौदलाने निरोधची मागणी नोंदवली आणि त्या गोळीवर तो चढवला. जहाजाला सुरुंग चिकटवला की तो काढून टाकायचा. भांडारातल्या माणसाने कपाळाला हात लावला असेल, पण पोरं जगली ती या साध्या गोष्टीमुळे.

इथे जरा थांबून तो एक क्षण सांगतो, कारण विजयाची सगळी चर्चा लोक धक्क्यावर उभं राहून करतात.

रात्री जहाजाच्या पोटाखाली गेलात की पहिली जाणीव आवाजाची होते. जनरेटरची घरघर कानांना नाही, छातीला लागते. दिसत काहीच नाही. हात पुढे करावा तर बोटांना लागते बार्नेकलची खरखर, आपल्या कोकणात खडकावर कालवं असतात तशी, धारदार. चुंबक त्यावर बसत नाही. तो बसतो नागड्या लोखंडावर. म्हणून सुरीने खरवडायचं, एका श्वासात जेवढं होईल तेवढं, मग वर येऊन आवाज न करता श्वास, मग पुन्हा खाली. खरवडल्याचा आवाज आतल्या माणसाला ऐकू जाईल असं सारखं वाटतं. जागा तयार झाली की सुरुंग सपाट टेकवायचा नाही. चुंबक झपकन ओढून घेतो आणि ठण्ण असा आवाज साऱ्या जहाजात घुमतो. आधी एक कड टेकवायची आणि हळूहळू लोळवत बसवायचा. मी हे मुंबईच्या गोदीत खोट्या सुरुंगाने केलंय, वर आमचेच लोक पहाऱ्यावर असताना, आणि तरीही माझे हात थरथरत होते. बाहेर आल्यावर दिव्याखाली पाहिलं तर दोन्ही तळवे रक्ताने भरलेले. पाण्यात काही कळलंच नव्हतं.

या पोरांच्या वर खरी बंदूक होती. आणि त्यांचं वय होतं अठरा, एकोणीस, वीस.

तारीख ठरली 15 ऑगस्टची रात्र. तारखेमागे राजकीय कारणं होती हे उघड आहे, पण मी किनाऱ्यावरचा माणूस असल्याने आधी पंचांग उघडतो. 6 ऑगस्टला पौर्णिमा, 20 ला अमावास्या. म्हणजे 15 ची रात्र वद्य नवमी-दशमीच्या आसपासची. आपले कोळी याला भांग म्हणतात. उधाण उतरलेलं असतं, भरती-ओहोटीला जोर कमी. चंद्रही मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. ऑगस्टमधली चितगावची कर्णफुली नदी पावसाच्या पाण्याने फुगलेली, उधाणात तिच्यात 5 किलो पोटाला बांधून आडवं पोहणं म्हणजे समुद्रात वाहून जाणं. भांगात ते जमू शकतं.

इशारा आला आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून. पंकज मलिक यांचं ठरलेलं गाणं वाजलं म्हणजे तयारीला लागा. दुसरं गाणं, बाहुली पहिल्यांदा सासरी निघाल्याचं, वाजलं म्हणजे आज रात्री जा. साऱ्या बंगालने ती गाणी ऐकली, पण अर्थ कळला तो फक्त म्होरक्यांना. चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज, चारही ठिकाणी एकाच रात्री. चितगावसाठी निघाले होते साठेक जण. त्यांतली एक तुकडी वेळेत पोचलीच नाही आणि प्रत्यक्ष पाण्यात उतरले तिसाच्या आसपास. ए. डब्ल्यू. चौधुरी त्यांचे म्होरके, 'मँग्रो'वरून आलेल्यांपैकी. एकेका जहाजाला तिघे-तिघे. रात्री दीड वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. 'अल अब्बास' आणि 'होर्मुज' ही लष्करी सामान घेऊन आलेली जहाजं गेली, धक्क्याला लागलेला एक मोठा बार्जही (माल वाहणारी सपाट तळाची नौका) गेला. चारही बंदरांत मिळून त्या रात्री बुडालेल्या आणि निकामी झालेल्या जहाजांचा, नौकांचा आकडा 26 सांगतात.

आता तुमच्या प्रश्नाला नेमकं उत्तर देता येईल. त्या एका रात्रीने पाकिस्तानी लष्कराची रसद तुटली का? नाही. पण तोपर्यंत त्यांचं जगाला सांगणं होतं की पूर्वेकडे सगळं शांत आहे, थोडे उपद्रवी लोक होते त्यांचा बंदोबस्त झाला. एकमेकांपासून दूरच्या चार बंदरांत एकाच रात्री जहाजं फुटली आणि हे सांगणं संपलं. स्फोट झाकता येत नाहीत. परदेशी जहाजांवरच्या लोकांनी ते आपल्या कानांनी ऐकले आणि घरी जाऊन सांगितले.

याचं महत्त्व कळायला दुसऱ्या महायुद्धातलं एक उदाहरण समोर ठेवावं लागतं, कारण तिथे नेमकं उलट घडलं. 19 डिसेंबर 1941 ला 6 इटालियन पाणबुडे तीन मानवी टॉर्पेडोंवर बसून अलेक्झांड्रिया बंदरात शिरले. त्यांनी ब्रिटिशांच्या 'क्वीन एलिझाबेथ' आणि 'व्हॅलियंट' या दोन प्रचंड बॅटलशिप जायबंदी केल्या, शिवाय एक तेलवाहू जहाज आणि एक विनाशिका. लुईजी दुरांद दे ला पेने आणि त्यांचा साथीदार एमिलिओ बियांकी तर पकडलेही गेले होते. ब्रिटिशांनी त्यांना 'व्हॅलियंट'च्याच तळघरात कोंडलं, सुरुंगापासून जवळच. तरी दे ला पेने यांनी सुरुंग कुठे आहे ते सांगितलं नाही. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा कप्तान मॉर्गन यांना एवढंच कळवलं की जहाज फुटणार आहे, आपली माणसं वाचवा.

धंद्यातल्या माणसाच्या नजरेने पाहिलं तर इतकं निर्मळ काम इतिहासात दुसरं नाही. 6 माणसांनी भूमध्य समुद्रातला तोल एका पहाटेत पालटला. पण बंदर उथळ होतं. दोन्ही जहाजं सरळ खाली टेकली, डेक पाण्याबाहेरच राहिला. ब्रिटिशांनी 'क्वीन एलिझाबेथ'वर रोजच्यासारखं निशाण चढवलं, डेकवर ऐटीत बँड आणि सलामी. वरून पाहणाऱ्या विमानाला जहाज जागच्या जागी, धडधाकट. सहाही पाणबुडे कैदेत, सांगणार कोण? चर्चिल यांनी हे नुकसान पार्लमेंटला सांगितलं ते एप्रिल 1942 मध्ये, तेही बंद बैठकीत. शत्रूच्या ताफ्यात बॅटलशिप उरल्या नाहीत याची खात्री नसल्याने इटलीच्या आरमाराने त्या संधीचा पुरता फायदा उठवला नाही आणि महिने निघून गेले.

लोखंडाच्या हिशेबाने अलेक्झांड्रियाशी चितगावची तुलनाच नाही. पण अलेक्झांड्रियातला विजय कुणाला दिसला नाही म्हणून वापरला गेला नाही, आणि चितगावचा दिसला म्हणून पुढे चार महिने कामी आला. सामंत आणि त्यांच्या वरचे अधिकारी हे ओळखून होते. एक रात्र साधून थांबायचं नव्हतं. ऑगस्टनंतरही प्लासीहून तुकड्या जातच राहिल्या, बंदरांत, नदीच्या घाटांवर, फेरीबोटींवर. पहारे वाढले, पोरं पकडली जाऊ लागली, मारली जाऊ लागली. 'मँग्रो'वरून आलेल्या 8 जणांपैकी अब्दुर रकीब मिया असेच फुलछडीच्या मोहिमेत गेले. तरी डिसेंबरपर्यंत बुडालेल्या आणि निकामी झालेल्या जहाजांचं वजन लाखभर टनांच्या घरात गेलं. यांतली बरीचशी साधी नदीतली गलबतं आणि बार्ज होती, पण बंगालमध्ये सैन्य हलतं ते नदीने. बार्ज गेला की पलीकडच्या ठाण्याला दारूगोळा नाही.

पोरांच्या मनातली विजयाची कल्पना यापेक्षा वेगळी होती, आणि इथे मी जपून बोलतो, कारण दुसऱ्याच्या मनातलं सांगायचा मला अधिकार नाही. एवढं नक्की की शिबिरात येताना प्रत्येकाने एका कागदावर सही केली होती, देशाच्या स्वातंत्र्यासाठी मी स्वखुशीने जीव द्यायला तयार आहे, माझ्या मृत्यूला कोणी जबाबदार नाही, अशा आशयाच्या. त्यांच्यातल्या कित्येकांची घरं जळली होती, कुणाची बहीण, कुणाचे वडील गेले होते. विम्याचे हप्ते आणि जहाजमालकांचा भरवसा ही अधिकाऱ्यांची गणितं. त्या पोराला नदीपलीकडे आपलं गाव दिसत होतं. तो ज्या कर्णफुलीत उतरला तिच्यात तो लहानपणी डुंबला होता. परदेशी कमांडो शत्रूच्या बंदरात शिरतो. हा स्वतःच्या बंदरात चोरासारखा शिरत होता. माझ्या मते इतर देशांच्या नौदल कमांडोंपेक्षा तो वेगळा ठरतो तो यामुळेच. हाती इतकं तुटपुंजं साहित्य असताना तो पाण्यात उतरला, याचं उत्तरही मला यातच दिसतं.

तुमच्या प्रश्नात एक उपप्रश्न दडलेला आहे: माणूस परत आला नाही तरी मोहीम यशस्वी म्हणायची का? डिसेंबर 1942 मध्ये ब्रिटिश मरीनचे 10 जण छोट्या होड्या वल्हवत फ्रान्सच्या जिरोंद खाडीतून बोर्दो बंदरापर्यंत निघाले होते. जहाजांचं नुकसान झालं, नाव झालं. परत आले दोघे. दोघे थंडीने गेले, सहा जणांना जर्मनांनी पकडून गोळ्या घातल्या. आम्हाला शिकवताना उस्ताद लोकांचा एक दंडक होता: परतीचा रस्ता आधी आखायचा, जायचा नंतर. परत आलेला माणूस पुन्हा जाऊ शकतो आणि काय चुकलं ते सांगू शकतो. चितगावच्या त्या रात्री पाण्यात उतरलेली पोरं सुरुंग लावून पुन्हा पैलतीराला लागली. म्हणून पुढची तुकडी त्यांच्याकडून शिकून जाऊ शकली. मी त्या मोहिमेला विजय म्हणतो त्यात हे कारण मोठं आहे, आणि लिहिताना लोक हेच गाळतात.

पण सगळं असं घडलं नाही. डिसेंबरमध्ये उघड युद्ध सुरू झाल्यावर सामंत तीन बोटी घेऊन मोंगला आणि खुलन्याकडे गेले. 'पद्मा' आणि 'पलाश' या मूळच्या कोलकाता पोर्टच्या बोटी, तोफा बसवून बांगलादेशच्या स्वाधीन केलेल्या, आणि सोबत आपली 'पनवेल', रायगडातल्या पनवेलच्या नावाची गस्ती नौका. 10 डिसेंबरला खुलन्याजवळ आपल्याच हवाईदलाच्या विमानांनी त्यांना शत्रू समजून हल्ला चढवला. ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळी खूण केलेली होती. तरी 'पद्मा' आणि 'पलाश' दोन्ही गेल्या. 'पलाश'च्या इंजिनरूममध्ये रुहुल अमीन होते. बोट सोडायचा हुकूम झाला तरी ते इंजिनापाशी राहिले. पुढे जखमी अवस्थेत काठाला लागले तेव्हा पाकिस्तानी लष्कराच्या बाजूच्या स्थानिक रझाकारांनी त्यांना ठार केलं. बांगलादेशने त्यांना वीरश्रेष्ठ हा सर्वोच्च सन्मान दिला, तो मिळालेल्या अवघ्या सात जणांपैकी ते एक. आमच्याच शाखेतला लीडिंग सीमन चिमन सिंग स्वतः जखमी असताना पाण्यातल्या दोघा साथीदारांना वाचवायला धडपडला, पकडला गेला आणि बांगलादेश मुक्त झाल्यावरच सुटला. त्याला महावीरचक्र मिळालं, सामंतांनाही. सहा दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली. त्या सहा दिवसांत नदीकाठी आपल्या माणसांचे देह शोधणाऱ्यांना विजयाबद्दल कोणी काही विचारलं नसेल.

आणि एक शेवटची गोष्ट, जी मला सॅल्व्हेजच्या कामावर गेल्यानंतरच उमगली. चितगाव स्वतंत्र झालं तेव्हा ते बंदर म्हणून जवळजवळ निरुपयोगी होतं. कमांडोंनी बुडवलेली जहाजं, 'विक्रांत'च्या विमानांनी फोडलेली जहाजं, पाकिस्तान्यांनी जाता जाता पेरलेले सुरुंग, सगळं नदीच्या तोंडाशी. लाखो लोक निर्वासित छावण्यांतून घरी परतत होते, देशात धान्य नव्हतं आणि ते येणार कुठून, तर याच बंदरातून. एप्रिल 1972 मध्ये सोव्हिएत नौदलाचा ताफा आला, रिअर अॅडमिरल झुयेंको यांच्या हाताखाली, आणि जून 1974 पर्यंत राबला. कर्णफुलीच्या पाण्यात हात डोळ्यांसमोर धरला तर दिसत नाही, सगळा गाळ. पाणबुडे चाचपडत बुडालेल्या सांगाड्याचा अंदाज घेत, खालून दोर ओवत, भरतीची वेळ साधून एकेक धूड हलवत. त्यांच्यातला युरी रेडकिन नावाचा तरुण खलाशी तिथेच गेला. पतेंग्याला बांगलादेश नौदलाच्या आवारात त्याची समाधी आहे. चितगावला गेलात तर परवानगी काढून तिथे जाऊन या. जिथून नदी समुद्राला मिळते ते पाणी तिथून दिसतं.